श्वासाचा रकाना

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध परिचारिका राहत होत्या. त्यांचे नाव रूथबाई साळवे. छत्तीस वर्षे त्यांनी सरकारी रुग्णालयांत सेवा केली, त्यांतली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन त्यांना सतरा वर्षे झाली होती. एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, दुसऱ्याने अंधुक दिसे आणि उजव्या हाताला कंप सुटला होता. तरी गावातल्या नर्सिंग कॉलेजच्या मुली शंका घेऊन त्यांच्याच ओसरीवर येत. जे पुस्तकात असे ते कॉलेजात कळे, जे नसे ते रूथबाईंकडे.

या मुलींत शेवटच्या वर्षाला शिकणारी हेमांगी वाघचौरे नावाची एक विद्यार्थिनी होती. हुशार, नेटकी, वेळेची पक्की. तिला जर्मनीत जाऊन काम करायचे होते, आणि कसे जायचे तेही तिने ठरवून ठेवले होते. तिच्या वहीत पुढची पाच वर्षे महिन्यांच्या चौकटींत आखलेली होती. परीक्षा कधी, परिचर्या परिषदेकडे नोंदणी कधी, भाषेची कोणती पायरी कोणत्या महिन्यात, पासपोर्ट कधी.

रूथबाईंनी ती वही भिंगाखाली धरून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या वर्षाच्या चौकटीत 'थेट आयसीयू' असे लिहिले होते. त्यावर बोट ठेवून त्यांनी सांगितले की आधी एक वर्ष साध्या वॉर्डात काढ. आयसीयूत आधी गेलीस तर यंत्रे वाचायला शिकशील आणि माणसे वाचायची राहून जातील. भाषेचा अभ्यास रोज एक तास कर, पण कामावर असताना नको. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढ आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नकोस, अगदी माझ्याही. हेमांगीने हे सारे त्याच वहीत हिरव्या शाईने उतरवून घेतले.

मग दोघींमध्ये एक ठराव झाला. रूथबाईंचे पती शमुवेल हे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, वय एक्याऐंशी. त्यांना दम्याचे जुने दुखणे होते. त्यांचा श्वास मिनिटाला किती पडतो याची नोंद रोज सकाळी ठेवावी, असे त्यांचे डॉक्टर पटवेकर यांनी सांगितले होते. पण रूथबाईंना आता छातीची हालचाल नीट दिसत नव्हती. तेव्हा हेमांगीने रोज सकाळी सव्वासहाला यावे, श्वास मोजावा आणि तक्त्यावर लिहावा. रूथबाईंनी तिला शिकवावे, आणि सहा महिने पूर्ण झाले की वृद्धसेवेच्या अनुभवाचे पत्र द्यावे, असे ठरले. ज्या परदेशी संस्थेकडे तिला अर्ज करायचा होता, ती असे पत्र आल्याशिवाय मुलाखतीला बोलावत नव्हती.

सोळा जुलैला, पहिल्याच दिवशी, रूथबाईंनी तिला श्वास मोजायला शिकवले.

"आपला श्वास कोणी मोजतंय असं कळलं, की माणूस निराळा श्वास घ्यायला लागतो," त्या म्हणाल्या. "म्हणून मनगट धरायचं. त्याला वाटू दे, नाडी बघतेय. डोळे मात्र छातीवर. आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही. म्हाताऱ्याचा श्वास सरळ रस्त्यानं चालत नाही, मधेच थांबतो, मधेच पळतो."

शमुवेल आजोबांच्या कानावर हे पडत होतेच. ते म्हणाले, की नाडीचे नाटक कशाला, मी आपला सांगूनच श्वास घेत जाईन.

ते थट्टेखोर होते. पहाटे हेमांगी दाराशी आली की पांघरुणातूनच हाक देत, "जर्मनी एक फुल का? चला, पुढं सरका, पुढं लई जागा आहे." तिकडे बर्फात गाडी बंद पडली तर ढकलायला उतरशील का, असे विचारत. हेमांगी हसून मनगट धरी, आणि बोलणे थांबल्यावर मोजायला लागे. कधी सतरा येत, कधी एकोणीस, थंडी पडली की एकवीस. तक्ता दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे. त्यावर ती आकडा, वेळ आणि सही लिही. मग स्वयंपाकघरातून रूथबाई विचारत, "किती?" ती सांगे, आणि दिवस सुरू होई.

हे असे दिवाळीपर्यंत चालले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी या पेशाबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. हेमांगीचे प्रशिक्षण ज्या रुग्णालयात चालले होते, तिथे एका वॉर्डात चाळीस रुग्ण असत आणि सकाळच्या नोंदी घ्यायला दोन विद्यार्थिनी. ताप थर्मामीटर सांगे, रक्तदाब यंत्र सांगे, नाडी बोटाला लावलेला चिमटा सांगे. श्वास सांगणारे काही नव्हते. तो उभे राहूनच मोजावा लागे. चाळीस रुग्णांची चाळीस मिनिटे. म्हणून पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या मुली नव्या मुलींना सांगून ठेवत, की श्वासाच्या रकान्यात अठरा, म्हणजे निरोगी माणसाचा आकडा, टाकत जा, मधूनमधून वीस टाका, म्हणजे खरे वाटते. तो रकाना कोणी वाचत नाही. कोणी कधी वाचलाही नव्हता. हेमांगीने वॉर्डात तसेच केले, सगळ्यांनी केले, आणि त्यात आपण खोटे लिहितो आहोत असे कोणालाही वाटले नाही. वहीला समास आखावा, तसे ते झाले होते.

दहा नोव्हेंबरला तिचा जर्मन भाषेचा वर्ग सुरू झाला. तो सकाळी साडेसहाला मोबाइलवर भरे. सव्वासहा ते साडेसहा या पंधरा मिनिटांत यायचे, बसायचे, आजोबांशी बोलायचे, मोजायचे आणि घरी पोहोचायचे, हे जमेना. काही दिवस तिने पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले. मग नुसते पाहिले. मग, केव्हापासून ते तिलाही कळले नाही, वॉर्डातली सवय या घरात येऊन बसली.

पंधरा जानेवारीला सहा महिने पूर्ण होत होते. पत्र पाठवायची मुदत सोळाच्या संध्याकाळपर्यंत होती.

त्या सकाळी हेमांगी बरोबर सव्वासहाला आली. थंडी कडक होती. एका कानात तिने आदल्या दिवशीचा पाठ लावला होता. खोलीत अंधुक उजेड होता. आजोबा नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, डोक्यापर्यंत पांघरूण ओढून झोपले होते; माकडटोपीचा गोंडा तेवढा बाहेर दिसत होता. तिने दारातूनच पाहिले, तक्ता खिळ्यावरून काढला, १८ लिहिले, वेळ लिहिली, सही केली.

"किती?" आतून रूथबाईंनी विचारले.

"अठरा, बाई. शांत झोपलेत."

रूथबाई बाहेर आल्या. त्यांच्या अंगावर घरात नेसायचे लुगडे नव्हते, बाहेर जायची साडी होती, आणि ती चुरगळलेली होती. त्यांनी हेमांगीचे मनगट धरले. कंप पावणाऱ्या त्या हातात तिचा हातही हलू लागला. त्यांनी तिला पलंगापाशी नेले आणि म्हणाल्या, "पांघरूण काढ."

तिने काढले.

पलंगावर लोड होता. दिवाणखान्यात टेकायला ठेवतात तो, खादीच्या अभ्र्याचा, आडवा निजवलेला. त्याच्या टोकाला आजोबांची माकडटोपी नीट ओढून बसवली होती.

हेमांगीच्या हातात पांघरुणाचे टोक तसेच राहिले. कानातली बाई जर्मन भाषेत आठवड्याचे वार म्हणत होती, सावकाश, पुन्हा पुन्हा. ते बंद करायला हवे हे तिला कळत होते, पण हात वर जाईना. तिच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती तिला विचारवेना. आजोबा गेले. गेलेल्या माणसाच्या पलंगापुढे उभे राहून आपण त्याचा श्वास लिहिला.

"आहेत," रूथबाई म्हणाल्या. तिने न विचारताच त्यांनी उत्तर दिले. "दवाखान्यात आहेत. काल चारपासून ऑक्सिजनवर."

मग तिला खाली बसवून त्यांनी घडले ते सांगितले. आदल्या दिवशी दुपारी चारला शमुवेल आजोबांचे ओठ निळे पडले. रिक्षातून डॉक्टर पटवेकरांच्या दवाखान्यात नेले, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला चौतीस होता. डॉक्टरांनी घरचा तक्ता मागितला. तक्त्यावर त्याच दिवशी सकाळपर्यंत अठरा होता. त्यावरून डॉक्टरांनी अनुमान केले, की सकाळी ठीक असलेला माणूस दुपारी असा होतो, म्हणजे एकाएकी काहीतरी घडले आहे. बहुधा फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. तसे असेल तर रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन देऊन त्यांना शहरात हलवावे लागेल. पण आजोबांच्या पोटात जुना व्रण होता, दोन वर्षांपूर्वी त्यातून रक्त गेले होते. ते इंजेक्शन त्यांना झेपेलच असे नव्हते. आणि जर हा त्रास एकाएकी झालेला नसून आठ-दहा दिवस हळूहळू वाढत आलेला असेल, तर आजार निराळा आणि औषधही निराळे. डॉक्टरांनी रूथबाईंना विचारले होते, हा तक्ता भरवशाचा आहे का?

"मी म्हटलं, माझ्या मुलीनं मोजलेला आहे," रूथबाई म्हणाल्या. "ते म्हणाले, सिस्टर, नक्की सांगा, यावरच ठरणार आहे. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवतो, सकाळी आठला निर्णय घेऊ. पुतण्याला तिथं बसवलं आणि पहाटे पाच वाजता मी घरी आले. आल्या आल्या तक्ता परत खिळ्याला लावला आणि हा लोड निजवला."

हेमांगीने मान खाली घातली होती. ती म्हणाली, की बाई, तुम्ही मला फोन करून विचारायचे होते.

"विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

ते तिला खरोखरच माहीत नव्हते.

"म्हणून विचारलं नाही," रूथबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. वॉर्डात रात्रपाळीची सूत्रे देताना बोलत तसा तो सपाट होता. "पोरी, लोड निजवताना मी एकच गोष्ट मनात धरली होती. तू येशील, मनगट धरायला हात घालशील, आणि ओरडशील की बाई, आजोबा कुठं आहेत. मी तिकडं ओट्यापाशी उभी राहून त्या ओरडण्याची वाट बघत होते. तुझं 'अठरा' ऐकलं, तेव्हा माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं."

हेमांगी रडू लागली. रूथबाईंनी तिला रडू दिले नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले. सात वाजायला पंचवीस मिनिटे होती.

"तुला वाटत असेल, एक आकडा चुकला," त्या म्हणाल्या. "तेवढंच असतं तर मी तुला रागावून सोडून दिलं असतं. मागचे कितीतरी दिवस यांचा श्वास माझ्या कानाला जड लागत होता. डोळे गेले, कान आहेत. मी उठून बसायची. मग सकाळी तुला विचारायची, किती. तू म्हणायचीस, अठरा. आणि मी मनाशी म्हणायची, म्हातारे झालो, कान वाजतात. छत्तीस वर्षांचा माझा कान तुझ्या त्या एका आकड्यानं गप्प बसवला. रकाना रिकामा असता तर मी घाबरले असते, यांना घेऊन गेले असते. तो भरलेला होता म्हणून मी घरी बसले."

एवढे बोलून त्यांनी सहा महिन्यांचे तक्ते तिच्यापुढे ठेवले आणि हाती पेन दिले. आता रडायला वेळ नाही, त्या म्हणाल्या. यांतल्या कोणत्या नोंदी मोजून केल्या आणि कोणत्या नाही, हे जगात फक्त तुलाच ठाऊक आहे. डॉक्टरांना आठच्या आत ते कळले पाहिजे.

हेमांगीने घाईने वरचे पान फाडायला घेतले. रूथबाईंनी तिचा हात धरला. आपल्या पेशात चुकीची नोंद फाडत नाहीत, गिरवत नाहीत आणि पांढरा रंग लावून झाकतही नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारतात, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण, वेळ व सही. हे तिला पहिल्या वर्षीच शिकवले होते. तिने ते परीक्षेत लिहूनही दिले होते. प्रत्यक्षात अशी रेघ तिने आजवर एकदाही मारली नव्हती.

तिने मागून सुरुवात केली. पंधरा जानेवारी, रेघ. चौदा, रेघ. तेरा, बारा. डिसेंबरात आल्यावर ती थबकली. यातले काही दिवस तिने मोजले असावेत. ख्रिसमसच्या सकाळी नक्की मोजले होते, असे तिला वाटले. मग वाटले, त्या दिवशी केक खाल्ला होता, मोजले नव्हते. कुठे वीस दिसले की ती अडखळे. हे वीस खरे, की खरे वाटावे म्हणून टाकलेले? आपल्याच हस्ताक्षरातला आकडा ती एखाद्या परक्याने लिहिलेला असावा तशी पाहत राहिली. खोटे लिहिल्याची लाज तिला एव्हाना वाटून गेली होती. आता जे वाटत होते, ते त्याहून भयंकर होते. खरे कोणते ते तिचे तिलाही उरले नव्हते.

शेवटी तिने दहा नोव्हेंबरपासूनच्या सगळ्याच नोंदींवर रेघा मारल्या. सदुसष्ट रेघा. प्रत्येकीशेजारी 'मोजले नाही', वेळ आणि सही.

रूथबाईंनी तो गठ्ठा हातात घेतला आणि विचारले, "आकडे गेले. डोळ्यांनी काही पाहिलं होतंस का?"

हेमांगी नाही म्हणणार होती. मग तिला सहा तारीख आठवली. त्या दिवशी तिने संस्थेचा अर्ज भरला होता आणि ते आजोबांना सांगितले होते. आजोबा नेहमीचेच बोलले होते; पण 'जर्मनी' म्हणून थांबले, 'एक' म्हणून थांबले, आणि 'फुल' म्हणताना त्यांनी खांदे वर उचलले होते. ती हसली होती आणि निघाली होती. बारा तारखेपासून तर त्यांनी हाकच दिली नव्हती. ते पांघरुणात गप्प पडून असत. ते बोलत नाहीत, म्हणजे आपली पाच मिनिटे वाचतात, असे तेव्हा तिच्या मनात आले होते. हे शेवटचे वाक्यही तिने रूथबाईंना सांगितले.

"हे सगळं असंच डॉक्टरांना सांग," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांचं सोडून. ते तुझ्यापाशी ठेव."

दोघी हेमांगीच्या स्कूटरवरून निघाल्या. सात वाजून वीस मिनिटांनी त्या दवाखान्यात पोहोचल्या. डॉक्टर पटवेकर आठवड्यातून दोनदा हेमांगीच्या कॉलेजात शिकवायला येत, त्यामुळे तिला नावानिशी ओळखत. आजोबांच्या पलंगाशेजारच्या ट्रेमध्ये इंजेक्शन भरून ठेवलेले होते, त्यावर पट्टी चिकटवून नावही लिहिले होते. तिच्या रकान्यातला अठरा तिथे, त्या सुईपर्यंत, येऊन पोहोचला होता.

तिने तक्ते पुढे केले आणि सांगितले. सदुसष्ट नोंदी मोजलेल्या नाहीत, सर. सहा तारखेला एका वाक्यात दोनदा थांबले. बारापासून बोलणे बंद. डॉक्टरांनी रेघा पाहिल्या, पाने उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आले. आजोबांच्या पायावरचे पांघरूण दूर करून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि उमटलेला खड्डा तसाच राहिलेला पाहत ते थोडा वेळ उभे राहिले. मग परिचारिकेला ट्रे उचलायला सांगितला. हृदय दमत गेले आहे, पाणी दहा दिवसांपासून साचते आहे, असे ते म्हणाले, आणि निराळे औषध लिहिले. शहरात न्यायची गाडी रद्द केली.

जाता जाता ते हेमांगीकडे वळले. "हे मी प्राचार्यांना सांगणार आहे."

"हो, सर."

"आता इथं बस आणि यांचा श्वास मोज. दर अर्ध्या तासानं."

तिने आजोबांचे मनगट धरले. घड्याळ समोर ठेवले, डोळे छातीवर लावले. दोन महिन्यांत ती प्रथमच पूर्ण मिनिट मोजत होती. वीस सेकंदांनी तिला वाटले, घड्याळ बंद पडले असावे. चाळीस सेकंदांपर्यंत तिने आजोबांच्या गळ्याखालची खोबण प्रत्येक श्वासागणिक आत ओढली जाताना पाहिली, जी दारातून कधीच दिसली नसती. मिनिट संपले तेव्हा आकडा बत्तीस होता, आणि तिच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

संध्याकाळपर्यंत आकडा सव्वीसवर आला. दुसऱ्या दिवशी, सोळा तारखेला, दुपारी तो बावीस होता, आणि आजोबांनी ऑक्सिजनच्या मुखवट्याआडून काहीतरी म्हटले. ती वाकली. ते पुन्हा म्हणाले, "माझ्या टोपीत… लोड कोंबला… असं ऐकलं. ती… सैल झाली असेल." मधे ते तीनदा थांबले. तिने तेही लिहून ठेवले.

त्याच दुपारी प्राचार्यांचा निरोप आला, की तिला एक महिन्याची वॉर्डातली सेवा पुन्हा करावी लागेल. आणि त्याच दुपारी रूथबाईंनी तिच्या हातात पत्र दिले. तिने ते मागितले नव्हते. ते मिळणार नाही असे तिने धरूनच ठेवले होते. कंपाने वाकडी झालेली अक्षरे, तीन ओळी, इंग्रजीत. अर्थ असा होता: 'कु. हेमांगी वाघचौरे यांनी माझ्या घरी सहा महिने एका वृद्ध रुग्णाची सेवा केली. या काळात त्यांनी सदुसष्ट खोट्या नोंदी केल्या. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी त्या सर्व स्वतः दाखवून दिल्या, आणि आज त्या मोजतात.' खाली सही आणि नोंदणी क्रमांक.

हेमांगीने ते दोनदा वाचले. कालपासून बसलेले धक्के पुरेसे नव्हते की काय, असे तिला झाले. पाच वर्षांच्या चौकटी तिच्या डोळ्यांपुढून सरकल्या. ती हळू म्हणाली, "बाई, हे पाठवलं तर ते मला घेणार नाहीत."

"नसतील घेत."

"मग न दिलेलंच बरं."

"तेही चालेल. पत्र तुझं आहे, फाडलंस तरी मी विचारणार नाही." रूथबाईंनी पतीच्या अंगावरचे पांघरूण नीट केले. "तू तिकडं गेलीस, की कोणाची तरी आई तुझ्या हाताखाली झोपेल. तिचा मुलगा दुसऱ्या गावात असेल, आणि तुझा आकडा ऐकून तो आपल्या कामाला लागेल, जशी मी लागायची. त्याला यातलं काय माहीत असावं, एवढाच विचार कर. बाकी मला काही सांगायचं नाही."

हेमांगी खिडकीपाशी उभी राहिली. तिने पत्र खिडकीच्या फळीवर सपाट केले, मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढले, अक्षरे वाचता येतात ना ते मोठे करून पाहिले, आणि अर्जाला जोडून पाठवून दिले. तेव्हा चार वाजले होते. पुढच्या मोजणीची वेळ झाली होती. तिने मोबाइल बंद करून पिशवीत टाकला, खुर्ची पुढे ओढली आणि आजोबांचे मनगट हातात घेतले.

रूथबाईंनी किती, असे विचारले नाही. त्या पलीकडच्या बाकावर भिंतीला डोके टेकून बसल्या, आणि दोन दिवसांत प्रथमच त्यांचा डोळा लागला.

वाचकाने आज घरातल्या एखाद्या झोपलेल्या माणसाशेजारी बसून पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजून पाहावा. ते मिनिट केवढे असते, हे सांगून कळत नाही.